गुहेची नक्कल

माझ्या स्मरणशक्तीबद्दल आजवर बाहेरच्या कुणी शंका घेतली नव्हती. घरातल्यांनी घेतली असेल, पण तो संसाराचा भाग झाला. वजनमापे कार्यालयाच्या अभिलेख शाखेत मी एकतीस वर्षं काढली. कुठली फाईल कुठल्या कपाटात, कितव्या कप्प्यात, हे मी खुर्चीवरून न उठता सांगत असे. शिपाई जाऊन बघायचा तेव्हा ती तिथे सापडायची नाही हे खरं. पण ती तिथेच असायला हवी होती, हेही तितकंच खरं असायचं. अशा माणसाची नोंद सातासमुद्रापलीकडच्या एका गृहस्थाने 'संशयास्पद आठवणी' या मथळ्याखाली करावी, आणि तीही जावयासमोर, म्हणजे काय!

सुरुवात जावयानेच केली. आमचे जावईबापू संगणकातले आहेत. नेमकं काय करतात ते मी चार वेळा विचारलं आहे आणि त्यांनी चार वेळा सांगितलं आहे. एका रविवारी जेवणानंतर सासऱ्याशी काय बोलावं असा प्रश्न त्यांना पडलेला दिसला, म्हणून मीच म्हटलं, "आमच्याही कार्यालयात संगणक होता बरं का, अडतीस वर्षांपूर्वी. त्यावर गुहेचा एक खेळ होता."

खेळ म्हणजे चित्र नाही, आवाज नाही. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची, 'तुम्ही एका विहिरीच्या काठावर उभे आहात. पायऱ्या खाली जातात.' आपण 'खाली जा' असं टंकायचं, की पुढचं दालन. दोन शब्दांपेक्षा जास्त बोललेलं त्या यंत्राला समजत नसे. मला घरीही तेवढंच बोलायची सवय असल्यामुळे आमचं चांगलं जमलं. मधल्या सुट्टीत मी डबा पाच मिनिटांत उरकायचो आणि गुहेत उतरायचो. शेवटी एक अंधारं दालन यायचं. तिथे दिवा विझायचा, आणि पुढचं पाऊल टाकलं की खड्डा. दीड वर्षं मी रोज दुपारी त्या दालनात मेलो आणि दोन वाजता कामावर हजर झालो.

जावई एकदम ताठ बसले. "बाबा, हे टेक्स्ट गेम! यांचे पोर्ट, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रांवरच्या नकला, जमवणारे लोक आहेत." त्यांनी लॅपटॉप उघडला आणि मला एक यादी दाखवली. खेळ मुळात कुठल्यातरी खोलीएवढ्या यंत्रावर लिहिलेला. मग ज्याला ज्याला तो आवडला त्याने कुणालाही न विचारता आपल्या टिचभर यंत्रासाठी तो नव्याने उतरवून काढला. अशा सत्याऐंशी बिनसरकारी नकला त्या यादीत होत्या, वंशावळीसारख्या मांडलेल्या. एका शाळामास्तराने यंत्रात जागा पुरेना म्हणून डावीकडची सगळी दालनं गाळून टाकली होती. एका फिटरने खजिन्याच्या जागी पाने आणि हातोड्या ठेवल्या होत्या. एकाने गुहेतल्या सापाला घरमालकाचं नाव दिलं होतं, आणि पुढे त्याच्यावरून काढलेल्या नऊ नकलांत, घरमालकाला ओळखतही नसलेल्या लोकांनी, ते नाव तसंच ठेवलं होतं. मी वाचत गेलो आणि चहा पार निवला. कुणी सांगितलेलं नाही, कुणी पगार दिलेला नाही, आणि एवढी माणसं एका न दिसणाऱ्या गुहेची डागडुजी करत बसली होती! मला अगदी भरून आलं.

पण आमची गुहा त्यात नव्हती. आमच्या गुहेत तराजूचं दालन होतं. तिथे भिंतीला टांगलेल्या तांब्याच्या तराजूत आपल्याजवळची वस्तू घालायची. वजनात खोट निघाली तर दार सीलबंद व्हायचं. हे कुठल्याच नकलेत नव्हतं. जावयाकरवी मी यादीवाल्या गृहस्थांना सविस्तर पत्र पाठवलं. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. फार सभ्य भाषेत लिहिलं होतं, म्हणून जास्त लागलं. इतक्या वर्षांनी अनेकांच्या मनात दोन-तीन खेळ मिसळतात, वाईट वाटून घेऊ नये, आपली नोंद 'संशयास्पद आठवणी'त केली आहे. यादीचं या महिनाअखेर पुस्तक निघणार असून संशयास्पद नोंदी त्यात नसतील.

"त्यांना एवढ्या लांबून कसं कळलं हो?" बायको म्हणाली.

तेवीस दिवस हातात होते. मी कामाला लागलो.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त दंतवैद्य राहतात. ते इमारतीच्या समितीचे सचिवही आहेत, त्यामुळे तक्रार दाताची असो वा नळाची, त्यांचा सल्ला एकच असतो. "मुळाशी जा. वरवर भरून काही होत नाही." त्यांच्या सौभाग्यवतींनी अक्रोड खायला सांगितले. अक्रोड मी खाल्ले, आणि मुळाशी जायचं म्हणून जुन्या कार्यालयात गेलो.

माझ्या निवृत्तीनंतरच्या आठ वर्षांत तिथे एक काउंटर आलं होतं आणि काउंटरमागे मला न ओळखणारी एक मुलगी. मी कोण ते सांगितलं. तिने नम्रपणे अर्जाचा नमुना पुढे केला. जुने कागद पाहण्याचं कारण: निवृत्तिवेतन, न्यायालय, वारसा, स्थावर मालमत्ता. यांपैकी एकावर खूण करायची.

"यात 'इतर' नाही का?" मी विचारलं.

"पूर्वी होतं म्हणे. कुणीतरी काढून टाकलं."

ते मीच काढलं होतं. लोक 'इतर'समोर वाटेल ते लिहायचे. त्यावर मी साडेतीन पानांची टिप्पणी केली होती आणि तिची वरून प्रशंसाही झाली होती. आता ते सांगण्यात अर्थ नव्हता. मी कारण म्हणून लिहिलं, 'संगणकावरील गुहेसंबंधी कागद पाहणे.' त्या मुलीने ते दोनदा वाचलं, गुहा वारशात बसत नाही असं ठरवलं आणि स्वतःच्या हाताने 'स्थावर मालमत्ता'वर खूण केली. जुना संगणक कुठे आहे असं विचारल्यावर म्हणाली, तो भंगारात जाऊनच सात वर्षं झाली.

स्थावर मालमत्तेचे अर्ज मोजणी खात्याकडे जातात. माझाही गेला. नवव्या दिवशी दारात एक भूमापक उभे राहिले, हातात फीत, काखेत नकाशांची नळी. "गुहा कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

दुर्दैवाने हे त्यांनी आधी तळमजल्यावर, मग पहिल्या मजल्यावर आणि मग आमच्याकडे विचारलं होतं. भूमापक चहाला बसतात न बसतात तोच जिना माणसांनी भरला. इमारतीखाली गुहा निघाली हे तोवर ठरलंच होतं. न्हाणीघरातली भेग तिच्यामुळेच पडली, हे एकीने सांगितलं. दंतवैद्यांनी "मी मुळाशी जा म्हटलं ते वेगळ्या अर्थाने," असा खुलासा केला आणि समितीची तातडीची सभा आमच्याच दिवाणखान्यात लावली. गुहा मी एकट्याने बळकावू नये असा ठराव झाला. मी उभा राहून सांगितलं की गुहा खरी नाही, ती फक्त अक्षरांत आहे आणि मी तिच्यात अडतीस वर्षांपूर्वी जात असे. माणसं हळूहळू उठून गेली. जाताना माझ्या बायकोच्या खांद्यावर हात ठेवून गेली, हे मात्र मला फार झोंबलं.

भूमापक तेवढे बसून राहिले. "मला काहीतरी मोजून न्यावं लागेल," ते म्हणाले. "फेरीचा अहवाल द्यायचा असतो. तुम्ही सांगा, मी काढतो."

"अहो, पण ती नाहीच."

"नसू दे. नकाशा तर येईल काढता."

आयुष्यात मला इतकं गंभीरपणे कुणी ऐकून घेतलेलं नाही. ते चौकोन आखत गेले, मी सांगत गेलो. विहीर, तिच्या उत्तरेला तराजूचं दालन. प्रत्येक दालनाच्या वर एक आकडा यायचा, तोही मी सांगितला: विहीर ४/११२, तराजू ४/११३. मला ते खेळातले गुण वाटायचे. भूमापकांनी अर्ध्या तासात पेन्सिल खाली ठेवली.

"तराजूच्या दालनातून दक्षिणेला परत आलं की विहीर यायला हवी. तुम्ही जिना सांगताय."

"जिनाच यायचा."

"असं जमिनीत होत नाही साहेब. मी सव्वीस वर्षं मोजणी करतोय." संशयास्पद म्हणणारा आणखी एक निघाला की काय, असं मला वाटलं. पण त्यांनी नवा कागद घेतला, दालनं आकड्यांप्रमाणे एकाखाली एक लिहिली आणि रेघा जोडल्या. सगळे रस्ते सुतासारखे सरळ झाले. "बघा. कुठूनही निघा, आकड्याने पुढच्या दालनात जाता. हा नकाशा नाही, हे रजिस्टर आहे."

मी तो कागद त्यांच्या हातातून ओढूनच घेतला. आमच्या कार्यालयात शाखांना क्रमांक होते. एक आस्थापना, दोन लेखा, तीन निरीक्षण, चार तक्रार. एकशे बारा हा आवक क्रमांक होता. ज्याने ही गुहा उतरवली होती, त्याने प्रत्येक दालन तक्रार शाखेच्या रजिस्टरात आवक करून घेतलं होतं. जगातल्या सत्याऐंशी नकलांचा अभ्यास केलेल्या त्या गृहस्थांना हे कळणं शक्य नव्हतं. ते कळायला अभिलेख शाखेत एकतीस वर्षं काढावी लागतात.

तक्रार शाखेत तेव्हा कागद आवक करायच्या त्या एकच बाई होत्या, टंकलेखिका. खिडकीकडे पाठ करून बसायच्या. त्यांची बदली होईपर्यंतच्या तीन वर्षांत मी त्यांच्याशी "फाईल द्या" याखेरीज काही बोललो नव्हतो. निवृत्तांच्या संघटनेकडून पत्ता मिळाला. एका टंकलेखिकेला शोधत मी गावभर फिरणार, हे ऐकून बायको बरोबर निघाली. मोजणी अपुरी आहे असं सांगून भूमापकही आले.

बाई आता अठ्ठ्याहत्तरीच्या. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, टेबलावर सगळं काटकोनात मांडलेलं. मी गुहेचं नाव काढताच त्यांनी चष्मा पुसला.

"अभिलेखवाले ना तुम्ही? तुम्ही खेळायचात ते मी बघायची."

"बाई, तो खेळ तुम्ही उतरवलात? मूळ खेळ तुम्हाला कुठे मिळाला?"

"कुठला मूळ?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण त्यात भर घालायची माझी छाती नाही. मुख्यालयात एक मोठं यंत्र होतं. त्यातून निघालेले वाया गेलेले कागद, मागून कोरे म्हणून, शाखांना मसुद्यांसाठी पाठवत. बाईंच्या वाट्याला असा एक गठ्ठा आला. सुटे कागद, कुठला कुठे. मसुदा लिहायच्या आधी त्यांनी कागद उलटून पाहिला.

"वर लिहिलेलं, विहिरीच्या पायऱ्या, अंधार आहे. खाली कुणीतरी विचारलेलं, मदत. आणि त्याच्याखाली उत्तर होतं, मला समजलं नाही." बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माणूस अंधारात आहे, मदत मागतोय, आणि त्याला उत्तर देतात, मला समजलं नाही. आता ही तक्रार नाही तर काय हो?"

"मग?"

"मग आवक केला. शाखेत तक्रार आली की त्याच दिवशी नोंद, असा नियमच होता."

पुढचे कागद हाती येतील तसतसे त्यांनी नोंदवले. आठ-दहा कागदांनंतर त्यांना कळलं की हा कुणाचा तरी खेळ आहे. "पण क्रमांक पडून गेला होता," बाई म्हणाल्या. "पडलेला क्रमांक रद्द कसा करणार? निकाल तर लावायलाच हवा." त्यांनी मुख्यालयाला पत्र लिहिलं. 'याबाबत या कार्यालयास माहिती नाही' असं उत्तर आलं. कागद मध्येच संपत होते. तो माणूस अंधाऱ्या दालनात होता आणि पुढचं पान नव्हतं.

तेवढ्यात आमच्याकडे संगणक आला. बाई पाऊण तास लवकर येऊ लागल्या. यंत्राबरोबर आलेलं पुस्तक वाचून त्या स्वतःच शिकल्या आणि दोन वर्षांत, एका माणसाच्या एका फेरीच्या अर्धवट कागदांवरून, त्यांनी ती गुहा उभी केली. ज्या मधल्या क्रमांकांवर खेळाचा कागद नव्हता तिथे स्वतःची दालनं घातली, तराजूचं त्यांचंच. दालनांचा क्रम आवक क्रमांकाचा, कारण दुसरा क्रम त्यांना माहीतच नव्हता. बाकीच्या नकला करणाऱ्यांनी निदान खेळ पाहिला तरी होता. या बाईंनी असा एकही खेळ कधी पाहिला नव्हता. त्यांना फक्त एका माणसाला बाहेर काढायचं होतं. मला उठून उभं राहावंसं वाटलं, आणि मी उभा राहिलो. भूमापक माझ्याआधीच उभे होते.

"घरचं सगळं आवरून, पाऊण तास आधी?" माझ्या बायकोने हळूच विचारलं.

बाईंनी चार रजिस्टरं दिली. पूर्ण खेळ त्यात शाईने उतरवून काढलेला, खाडाखोड जवळपास नाही. जावयांनी कचेरीतून रजा घेतली आणि आठवडाभर ते सगळं टंकलं. मधूनच हाक मारायचे, "बाबा, इकडे या! एवढ्याशा जागेत बाईंनी हे कसं बसवलंय बघा!" मला काही समजायचं नाही, पण त्यांचा चेहरा बघायला जायचो. खेळ चालू झाला. रजिस्टरांच्या छायाचित्रांसकट तो यादीवाल्यांना गेला तेव्हा मुदतीला दोन दिवस उरले होते.

उत्तर मुदतीच्या दिवशी आलं. या खेपेला सभ्यपणा कमी होता, वाक्यं तुटक होती. त्यांनी एकोणीस वर्षं नकला जमवल्या, पण फक्त वाचून उभी केलेली गुहा कधी पाहिली नव्हती. मला संशयास्पद म्हटल्याबद्दल ते क्षमा मागत होते. पुस्तकाचं पहिलं पान त्यांनी बदललं होतं. करणाऱ्याचं नाव ताबडतोब कळवावं, छपाई थांबवली आहे.

आम्ही लॅपटॉप घेऊन बाईंकडे गेलो.

"नाव नको," त्या म्हणाल्या. "तक्रार शाखा, एवढं लिहा. मी काही खासगी काम केलेलं नाही." जावयांनी तिथल्या तिथे तसं कळवलं. मग बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही त्या अंधाऱ्या दालनात काय करायचात?"

"पुढे जायचो."

"आणि?"

"मरायचो."

"थांबून नाही पाहिलंत कधी?"

दीड वर्षात मला ते सुचलं नव्हतं. जावयांना उत्तर ठाऊक होतं, आठवडाभर ते सांगायला टपले होते. मीच कान बंद केले होते. मी विहिरीपासून सुरुवात केली. तराजूत वजन दिलं, जिना उतरलो. दिवा विझला. मी टंकलं, 'थांब.' यंत्र म्हणालं, अंधार आहे. पुन्हा 'थांब.' अंधार आहे. बोटं पुढे जायला शिवशिवत होती. तिसऱ्यांदा टंकलं, 'थांब.'

पडद्यावर अक्षरं आली: 'कुणीतरी दिवा घेऊन येत आहे. ते म्हणतात, तुमचा कागद मिळाला. उशीर झाला, माफ करा. या माझ्याबरोबर.'

मला पुढचं नीट दिसेना. बायकोने माझा चष्मा काढून घेतला, पुसला आणि परत दिला. खेळ संपला होता. मी विहिरीच्या काठावर, उन्हात उभा होतो.

बाई उठल्या. कपाटातून त्यांनी एक फाईल काढली, तक्रार क्रमांक ४/११२. कोपरे झिजलेले, पण गाठ घट्ट. शेवटच्या पानावर छापील तक्ता होता: निकालाचा तपशील, तक्रारदाराचे समाधान झाले किंवा नाही, तक्रारदाराची सही. सही नसेल तर फाईल बंद करता येत नाही, हा नियम मला पाठ होता.

"तो मुख्यालयातला माणूस कोण होता, मला शेवटपर्यंत कळलं नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी लेखणी माझ्यापुढे धरली. "पण अडकलेले तुम्हीही होतातच."

मी सही केली. सही माझीच आहे हे कुणालाही ओळखू यावं. बाईंनी शेजारी तारीख घातली, 'समाधान झाले'वर खूण केली आणि शाई वाळेपर्यंत फाईल उघडी ठेवली.